मंदावलेल्या स्मार्ट टीव्हीसाठी कोणती स्टिक घ्यावी?

पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या स्मार्ट टीव्हीचा पडदा सहसा आजही उत्तम असतो, रंग फिके पडलेले नसतात, आवाजही घरातल्यांच्या सवयीचा झालेला असतो. बिघडलेले असते ते फक्त सॉफ्टवेअर. रिमोटचे बटण दाबल्यानंतर दोन-तीन सेकंदांनी निवडीची चौकट पुढे सरकते, यूट्यूब उघडेपर्यंत चहा ओतून होतो, आणि मालिका ऐन रंगात आलेली असताना ॲप आपोआप बंद पडून मुख्य पडदा पुन्हा समोर येतो. अशा वेळी नव्या टीव्हीच्या एक्स्चेंज ऑफर मोहात पाडतात. मात्र ज्या टीव्हीला एचडीएमआय पोर्ट आहे आणि ज्याचा पडदा शाबूत आहे, तो केवळ मंदपणासाठी बदलणे हा मला अनाठायी खर्च वाटतो, कारण पाच-सहा हजार रुपयांची स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे त्या पोर्टमध्ये खोचायचे आणि ॲप्स स्वतः चालवणारे छोटे उपकरण, तेच काम अधिक चांगले करते. प्रश्न उरतो तो कोणती स्टिक घ्यावी एवढाच, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत जे छापलेले असते त्यावरून तो सुटत नाही.

मंदपणाचे मूळ टीव्हीच्या किमतीत आहे. पॅनेल हा टीव्हीचा सर्वांत महाग भाग असल्यामुळे स्वस्त आणि मध्यम किमतीच्या टीव्हींमध्ये उत्पादक काटकसर करतात ती प्रोसेसर, रॅम (चालू ॲप्स धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती) आणि साठवण यांत. एक ते दीड जीबी रॅम आणि आठ जीबी साठवण असलेले टीव्ही आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्या आठ जीबीतला मोठा वाटा ऑपरेटिंग सिस्टीमच व्यापून बसते. टीव्ही नवा असताना एवढे पुरत होते. पुढे ॲप्स जड होत गेली, मुख्य पडद्यावर आपोआप चालणारे ट्रेलर आणि जाहिराती आल्या, आणि यंत्र मात्र होते तेच राहिले. रॅम भरली की सिस्टीम मागे ठेवलेले ॲप बंद करून टाकते, म्हणून झी५ वरून यूट्यूबवर जाऊन परत आले की झी५ पहिल्यापासून सुरू होते. साठवण काठोकाठ भरली की ॲपचे अपडेटही अडतात. फॅक्टरी रीसेट केल्याने काही आठवडे बरे वाटते, पण मूळ कारण हार्डवेअरमध्ये असल्यामुळे तो उपाय टिकत नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी एक साधी तपासणी मात्र अवश्य करावी. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये नुसते फिरून पाहावे. तेथेही चौकट अडखळत सरकत असेल तर दोष प्रोसेसर आणि रॅमचा आहे आणि स्टिक उपयोगी पडेल. मेन्यू चपळ असून केवळ व्हिडिओवर चक्र फिरत राहत असेल तर दोष इंटरनेटचा किंवा राउटरपासूनच्या अंतराचा आहे, आणि तो दोष स्टिक घेऊन जाणार नाही. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग पुरतो, तेव्हा १०० एमबीपीएसच्या जोडणीवरही चित्र अडत असेल तर आधी वायफाय तपासावे. ब्रॉडबँडबरोबर जिओ किंवा एअरटेलचा सेट-टॉप बॉक्स आलेला असेल आणि तो माळ्यावर पडून असेल, तर पैसे खर्च करण्यापूर्वी तो जोडून पाहावा. काही घरांचे काम तेवढ्यावरच भागते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरांत टीव्हीवर जे पाहिले जाते त्यातले फोर-के फार थोडे असते. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर आणि सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर दिसतात, आणि त्यांच्यासाठी फुल एचडी पुरेसे आहे. त्यामुळे फुल एचडी टीव्हीला स्वस्तातली एचडी स्टिक पुरेल असा हिशोब स्वाभाविकपणे मांडला जातो. तो चुकतो, कारण फोर-के आणि एचडी स्टिकमधला जाणवणारा फरक चित्राचा नसून रॅमचा असतो. ॲमेझॉनच्या साध्या एचडी फायर टीव्ही स्टिकमध्ये १ जीबी रॅम आहे, शाओमीच्या २०२० मधल्या फुल एचडी स्टिकमध्येही तेवढीच होती. म्हणजे ज्या अडचणीमुळे आपण टीव्हीचे सॉफ्टवेअर सोडून निघालो, तीच अडचण पैसे मोजून पुन्हा घरात आणायची. फोर-के स्टिकमध्ये सहसा २ जीबी रॅम असते आणि ॲप्स एकमेकांना बाहेर ढकलत नाहीत. टीव्ही बत्तीस इंची आणि साधा एचडी असला तरी म्हणूनच फोर-के स्टिक घ्यावी, असे मी सांगतो; ती चित्र टीव्हीच्या क्षमतेप्रमाणे पाठवते आणि चालते मात्र स्वतःच्या वेगाने.

या निकषावर ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक फोर-के, म्हणजे २०२४ च्या मे महिन्यात भारतात ५,९९९ रुपयांना आलेली दुसरी पिढी, मला आजही बहुतेक घरांसाठी योग्य निवड वाटते. तिच्यात २ जीबी रॅम, ८ जीबी साठवण, वायफाय ६ (वायफायची वेगवान आवृत्ती) आणि डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधार व रंग अधिक खुलवणारे चित्र) आहे. आमच्या घरी हीच जोडलेली आहे. मेन्यू बोटाबरोबर सरकतो, नेटफ्लिक्समधून जिओहॉटस्टारवर जाऊन परत आले की चित्रपट सोडला तेथेच उभा असतो, आणि रिमोट एकच पुरतो, कारण स्टिकशी तो ब्लूटूथने बोलतो आणि टीव्हीचा आवाज व चालू-बंद ही कामे इन्फ्रारेडने करतो. ब्लूटूथमुळे स्टिक टीव्हीच्या मागे दडलेली असली तरी चालते; रिमोट नेमका समोर धरावा लागत नाही, आणि वयस्कर माणसांना हीच गोष्ट सर्वांत आधी आवडते.

तिचे उणेपण मुख्य पडद्यावर आहे. वरचा अर्धा भाग ॲमेझॉन आपल्या आणि इतरांच्या प्रचारासाठी वापरते, आणि प्राइमचे सदस्यत्व नसलेल्या माणसाला तेथे काय आपले आणि काय विकाऊ हे चटकन उमगत नाही. सेटिंग्जमधल्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन फीचर्ड कंटेंटखाली व्हिडिओ आणि ऑडिओ आपोआप चालण्याची सोय बंद करता येते. पहिल्याच दिवशी ती बंद करावी आणि रोजची चार ॲप्स ओळीच्या सुरुवातीला आणून ठेवावीत. गूगलचे प्ले स्टोअर आणि गूगल कास्ट (फोनवरचे ॲप टीव्हीवर दाखवण्याची सोय) या स्टिकवर नाहीत, तरी यूट्यूब आहे आणि आपल्याकडची मोठी ॲप्स ॲमेझॉनच्या दुकानात मिळतात.

याच कुटुंबातली फोर-के सिलेक्ट ही २०२५ मध्ये आलेली स्टिक मात्र नावामुळे फसगत करू शकते. ती फोर-के आहे, पण रॅम १ जीबीच आहे. ॲमेझॉनने तिच्यात अँड्रॉइडऐवजी वेगा नावाची स्वतःची लिनक्सवर आधारलेली सिस्टीम घातली असून ती हलकी असल्याने थोड्या रॅमवरही चालावी अशी तिची रचना आहे, त्यामुळे जुन्या १ जीबीच्या अँड्रॉइड स्टिकशी तिची थेट तुलना करणे न्याय्य होणार नाही. परंतु अँड्रॉइडची ॲप्स बाहेरून आणून तिच्यात घालता येत नाहीत, आणि एखादे छोटे मराठी किंवा प्रादेशिक ॲप नव्या सिस्टीमसाठी तयार झाले आहे की नाही हे आधी पाहावे लागते. किमतीत फारसा फरक नसेल तर मी जुन्याच फोर-केकडे वळेन.

ज्यांचा फोन अँड्रॉइडचा आहे आणि ज्यांना फोनवरचे कोणतेही ॲप टीव्हीवर कास्ट करण्याची सवय आहे, त्यांना गूगलची बाजू सोयीची पडते. येथे अडचण वेगळीच आहे: गूगलने क्रोमकास्ट या आपल्या स्ट्रीमिंग उपकरणांचे उत्पादन २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद केले, आणि त्यांच्या जागी आणलेला ४ जीबी रॅम व ३२ जीबी साठवणीचा गूगल टीव्ही स्ट्रीमर, जो कागदावर या सगळ्यांत सरस आहे, तो भारतात अधिकृतपणे विकायला ठेवलाच नाही. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवता येतो, पण वॉरंटीचा प्रश्न उरतो. राहते ती शाओमीची टीव्ही स्टिक फोर-के. २ जीबी रॅम, ८ जीबी साठवण आणि डॉल्बी व्हिजन असलेली ही स्टिक भारतात ४,९९९ रुपयांना आली. तिच्यात गूगल कास्ट आहे, प्ले स्टोअर आहे, आणि नेटफ्लिक्स व प्राइम व्हिडिओ अधिकृतपणे चालतात. प्रोसेसर मात्र हात राखून दिलेला आहे, आणि ॲमेझॉनच्या स्टिकशेजारी ठेवून पाहिले तर यादी वेगाने खाली सरकवताना तो दम लागल्यासारखा वागतो. कास्ट करणे ही रोजची गरज असेल तरच ती घ्यावी.

ॲपल टीव्ही फोर-के या सर्वांच्या वर आहे, किमतीतही. २०२२ मध्ये आलेली तिसरी पिढी ६४ जीबीच्या रूपात १४,९०० रुपयांची आणि १२८ जीबीच्या रूपात १६,९०० रुपयांची होती, आणि इथरनेटचे, म्हणजे तारेने इंटरनेट जोडण्याचे, पोर्ट फक्त १२८ जीबीच्या रूपात आहे. आयफोनमधला ए१५ प्रोसेसर तिच्यात असल्यामुळे मंदपणा हा विषयच निघत नाही, मुख्य पडद्यावर आपली ॲप्स आपण मांडतो तशीच राहतात, आणि चित्रपटाचा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) वेग टीव्हीशी जुळवून घेण्याची सोय सेटिंग्जमध्ये एकदा चालू केली की बहुतेक ॲप्समध्ये कॅमेरा आडवा फिरताना चित्र धक्के खात नाही. चित्राबद्दल काटेकोर असलेल्या आणि घरात आयफोन असलेल्या माणसाला मी ती बिनदिक्कत सुचवीन. परंतु वीस हजारांच्या टीव्हीला पंधरा हजारांचा डबा जोडणे हे गणित मला पटत नाही.

याउलट दोन-अडीच हजारांत ८ जीबी रॅम आणि आठ-के चित्र देऊ करणारे अनोळखी अँड्रॉइड बॉक्स बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत सर्रास दिसतात. ते पूर्णपणे टाळावेत. त्यांतल्या बऱ्याच बॉक्सना गूगलचे प्रमाणपत्र नसते, वाइडव्हाइन या संरक्षण प्रणालीची वरची पातळी नसते, आणि त्यामुळे कागदावर आठ-के असलेल्या बॉक्सवर सशुल्क ॲप्सचे चित्र धुरकट, एचडीपेक्षाही खालच्या दर्जाचे दिसते. त्याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. २०२३ मध्ये टी९५ नावाने विकल्या जाणाऱ्या बॉक्समध्ये आधीपासूनच घातक सॉफ्टवेअर भरलेले आढळले, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अशाच स्वस्त उपकरणांमधून पसरलेल्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. असा बॉक्स आपल्या वायफायवर असतो, आणि त्याच वायफायवरून आपण बँकेचे व्यवहार करतो.

स्टिक आणल्यावर ती जोडण्यातही काही गोष्टी पाहाव्या लागतात. ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवण्याची सोय) लिहिलेले असते तो साउंडबारसाठी राखावा. फोर-केसाठी पोर्टला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी संरक्षण प्रणाली) लागते, आणि जुन्या फोर-के टीव्हींवर ते सर्व पोर्टना नसते. एचडीआर, म्हणजे डॉल्बी व्हिजनसारखे खुललेले चित्र, दिसत नसेल तर टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये त्या पोर्टची एन्हान्स्ड किंवा तत्सम नावाची पातळी चालू करावी. खोक्यात मिळणारी छोटी एचडीएमआय एक्स्टेंडर वायर बहुतेक जण फेकून देतात, पण ती लावल्याने स्टिक पॅनेलच्या उष्णतेपासून आणि धातूच्या आडोशापासून थोडी दूर राहते, वायफाय सुधारते आणि विदर्भातल्या मे महिन्यात तिला श्वास घ्यायला जागा मिळते. वीज सोबतच्या ॲडॉप्टरमधूनच द्यावी. टीव्हीच्या यूएसबी पोर्टची शक्ती अनेकदा अपुरी पडते, शिवाय टीव्ही बंद केला की तो पोर्टही बंद होतो आणि स्टिक दर वेळी शून्यापासून सुरू होते. रात्री भिंतीवरचा खटका बंद करण्याची आपल्याकडची पद्धत येथे आड येते: खटका बंद राहिला की सकाळी स्टिक जागी व्हायला वेळ घेते, आणि मग नवी स्टिकही हळूच आहे असा घरात बोभाटा होतो. तिचा ॲडॉप्टर वेगळ्या खटक्यावर ठेवला की हा वाद मिटतो.

टीव्हीला सुरू होताना थेट एचडीएमआयवर जायला सांगावे, एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालू-बंद करण्याची सोय) चालू करावे, आणि त्यानंतर टीव्हीचे स्वतःचे वायफाय तोडून टाकावे. अनेक उत्पादकांचे टीव्ही पडद्यावर काय चालले आहे हे ओळखून ती माहिती बाहेर पाठवतात, आणि ती ओळख एचडीएमआयमधून येणाऱ्या चित्रावरही चालते. अमेरिकेत विझिओ या कंपनीला याच कारणासाठी २०१७ मध्ये २२ लाख डॉलर मोजावे लागले. इंटरनेट तोडले की हा मार्ग बंद होतो, मुख्य पडद्यावरच्या नव्या जाहिरातीही थांबतात, आणि जुन्या टीव्हीचे सॉफ्टवेअर पार्श्वभूमीला काही करत बसत नसल्याने तो किंचित चपळही होतो. ज्यांच्या टीव्हीत गूगल टीव्ही आहे त्यांना रीसेटनंतर बेसिक टीव्ही हा पर्याय निवडून तो जवळजवळ साधा टीव्ही करून टाकता येतो.

राहता राहिला जुन्या मालाचा विषय. सणासुदीच्या सेलमध्ये उत्पादन बंद झालेल्या स्टिक मोठ्या सवलतीत निघतात, आणि त्यांतल्या काहींवर उत्पादनाचे वर्ष शोधूनही सापडत नाही. मार्च २०२५ मध्ये २०१५ च्या दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे जगभर अचानक निकामी झाले आणि गूगलला घाईने दुरुस्ती पाठवावी लागली; दहा वर्षे जुन्या उपकरणासाठी कंपनी एवढे करेलच याची हमी दर वेळी नसते. ॲमेझॉन प्रत्येक फायर टीव्ही उपकरणाला सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील हे आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते, तेव्हा सवलतीचा आकडा पाहण्याआधी खोक्यावरची पिढी आणि तिच्यासमोरची तारीख पाहून घ्यावी.