सणाच्या मदतीचा अनुभव: बुटाची टाच मोजायला सांगणारी संस्था

"ताई, त्यांच्या आत्ताच्या बुटाची टाच किती उंच आहे? पट्टी लावून मोजून सांगाल का?"

सणाला पाच आठवडे होते तेव्हा हा फोन आला. मी फोन तसाच धरून बुटांच्या कपाटापाशी गेले, मुलीच्या दप्तरातली पट्टी काढली आणि मोजून सांगितलं. सहा वर्षांत हे आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं.

जखमी सैनिकांच्या घरी सणासुदीला मदत पोचवणाऱ्या एका संस्थेकडे आम्ही यंदा पहिल्यांदाच अर्ज केला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण मला तक्रारीही लिहायच्या आहेत आणि एका घराच्या अनुभवावरून कुणाच्या नावाला बोल लावणं मला पटत नाही. पण अशी मदत घेणाऱ्यांना आणि देणाऱ्यांनाही उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर सांगते. माझ्याकडून पाचपैकी चार.

आधी टाचेचं. सुरुंगाच्या स्फोटात ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. कृत्रिम पायाचं साधं पाऊल आपल्या पावलासारखं घोट्यात वाकत नाही, आणि ते बुटाच्या एका ठरावीक टाचेसाठी जुळवून दिलेलं असतं. टाच त्याहून उंच झाली की माणूस पुढे ढकलला जातो, कमी झाली की गुडघा मागे रेटला जातो. दुकानातला कुठलाही चांगला बूट चालत नाही तो यामुळे.

हे आम्ही फार वाईट रीतीने शिकलो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी सणाच्या कार्यक्रमात ह्यांना मंचावर बोलावून नवे बूट दिले. चकचकीत, उंच टाचेचे. फोटोसाठी ते तिथेच घालायला लावले. मंचाच्या पायऱ्या उतरताना हे तोंडावर आपटले. घरी येताना गाडीत मला म्हणाले, "पाय घसरला." पाय घसरला नव्हता, मला दिसलं होतं. त्यानंतर कुणाचीही मदत घ्यायची नाही असं ह्यांनी ठरवूनच टाकलं. यंदाचा अर्ज मी ह्यांच्या गळी कसा उतरवला ते माझं मला माहीत.

यंदाच्या खोक्यात आलेले बूट टाचेला अगदी बरोबर होते. शिवाय त्यांची नाडी थेट बोटांपर्यंत उघडणारी होती. घोटा वाकत नसलेलं पाऊल अरुंद तोंडाच्या बुटात घालणं ही रोज सकाळची झटापट असते. हे बूट ह्यांनी कुणाचा हात न लागता घातले. सोबत पायाच्या खुंटावर चढवायचे मोजे होते, पातळ आणि जाड असे दोन्ही. दिवस चढतो तसा खुंट थोडा आकसतो आणि सकाळी घट्ट बसलेला पाय संध्याकाळी आत हलायला लागतो, तेव्हा वर आणखी एक मोजा चढवावा लागतो. सणाच्या दिवशी तासन्‌तास उभं राहणं होतं, पाहुण्यांची ये-जा असते. त्या दिवशी हे मोजे कुठल्याही शोभेच्या वस्तूपेक्षा जास्त कामाला येतात. खोकं भरणाऱ्याला हे माहीत होतं.

पण मला सगळ्यात भावलं ते मुलीचं प्रकरण. तिची भेटवस्तू मुद्दाम न बांधता पाठवली होती. शेजारी रंगीत कागद, चिकटपट्टी, रिबीन आणि एक चिठ्ठी: "ही भेट वडिलांच्या हातून जावी. संस्थेचं नाव कुठेही घातलेलं नाही." वस्तूही ह्यांनीच फोनवरून निवडलेली, रंगांची पेटी.

रात्री मुलगी झोपल्यावर हे जमिनीवर बसले. पाय काढून बाजूला ठेवला. डाव्या हाताच्या दोन बोटांना छर्रे लागल्यापासून नीट स्पर्श कळत नाही, त्यामुळे चिकटपट्टी बोटालाच चिकटून राही. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू बस." कागद एकदा आखूड कापला गेला, एकदा कोपऱ्यात फाटला. तासभर चाललं होतं. रिबिनीला त्यांनी दोरखंडाला मारतात तशी गाठ मारली. सकाळी मुलगी ती सोडवता सोडवता ओरडली, "बाबा, ही तूच बांधलीस ना? सुटतच नाही!" हे हसले. सणाच्या दिवशी ह्यांना असं हसताना बघून मला किती काळ लोटला होता.

जखमी माणसाच्या घरी बाहेरच्या मदतीने मुलांच्या हातात खेळणी पडतात, पण पुष्कळदा त्यातून मुलांना एवढंच कळतं की आपले बाबा काही आणू शकत नाहीत, दुसरे लोक आणतात. ह्या संस्थेने ती एक गोष्ट सांभाळली, आणि त्यासाठी खर्च एक चिठ्ठी लिहिण्याचाच होता.

सणाच्या आठवड्यात सगळ्या कुटुंबांचा एक मेळावा होता. जाण्याआधीच सभागृहाचा नकाशा घरी आला होता: दारं कुठे, चाकाच्या खुर्चीचा उतार कुठे, ढोलताशे किती वाजता सुरू होणार, आणि गोंगाट नको असेल त्यांच्यासाठी शांत खोली कुठे. अचानक आलेल्या आवाजाने ह्यांचा जीव उडतो, आधी माहीत असलेला आवाज सोसतो. खुर्च्या भिंतीला पाठ लावून मांडल्या होत्या, म्हणजे पाठीमागून कुणी येत नाही आणि दार समोर दिसतं. हॉटेलात गेल्यावर जागा हेरत फिरणारे माझे यजमान इथे आल्या आल्या बसले.

भाषण एकच झालं, तेही छोटं. मग धनुर्विद्या. चाकाच्या खुर्चीतल्या एका वयस्क माजी सैनिकाने ह्यांना सलग तीन डाव हरवलं आणि मग बाण गोळा करता करता तिचा इतिहास सांगितला. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. खेळाला ते उपचाराचाच भाग मानत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, आणि पॅरालिंपिकची मुळं तिथे आहेत. आपले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, हेही त्यांनीच मुलीला सांगितलं. ती घरी येईपर्यंत बाबांना पोहायला कधी जायचं ते विचारत होती.

आणखी एक सेवा होती जिच्यासाठी मी ह्या लोकांची आयुष्यभर ऋणी राहीन. सणाच्या पंधरवड्यात दोन वेळा, प्रत्येकी चार तास, एक प्रशिक्षित मदतनीस घरी आला. खुंटाची त्वचा लाल झाली आहे का बघणं, रात्री नसलेल्या पायात कळा येतात तेव्हा आरसा कसा धरायचा, सगळं त्याला येत होतं. (शाबूत पायाचं प्रतिबिंब नसलेल्या पायाच्या जागी बघायचं, म्हणजे पुष्कळांना त्या कळांत आराम पडतो. १९९०च्या दशकात डॉ. रामचंद्रन यांनी ही युक्ती मांडली.) पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं, "वहिनी, तुम्ही कुठे जाणार?" मी कुठेच गेले नाही. आतल्या खोलीत दार लावून झोपले.

आता एक गुण का कापला ते.

अर्जात "पत्नी" आणि "मुले" एवढेच रकाने आहेत. माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. ह्यांना रुग्णालयातून आणल्यापासून रात्रीचं उठणं त्यांनी माझ्याइतकंच केलं आहे. मेळाव्याच्या दाराशी यादीत त्यांचं नाव नाही म्हणून आम्हाला पंधरा मिनिटं थांबवलं. "मी बाहेर बसते ना," असं त्या म्हणाल्या ते मला फार लागलं. अविवाहित जखमी जवानांच्या घरी तर सगळं आईवडीलच करतात, त्यांनी कुठला रकाना भरायचा?

दुसरं, न दिसणाऱ्या जखमांबद्दलची अडाणी वागणूक. आमच्या ओळखीतल्या एकीने अर्ज केला होता. तिच्या यजमानांना स्फोटाच्या हादऱ्याने डोक्याला इजा झाली आहे. हातपाय शाबूत आहेत. विसरतात, उजेड सहन होत नाही, क्षणात चिडतात. तिच्याकडे "इजा दिसेल असा अहवाल" मागितला. मेंदूला बसलेला असा सौम्य मार साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुतेकदा दिसतच नाही, तर अहवालात तो दिसणार कुठून? पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांच्या दुखण्याला "शेल शॉक" म्हणत आणि कित्येकांना भित्रे ठरवलं गेलं. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहून जाणारा आघात, हे निदान तर १९८० साली अधिकृत झालं. टाचेची उंची विचारणाऱ्यांना एवढं कळायला हवं होतं. तिचा अर्ज तसाच पडून राहिला.

तीच कागदपत्रं तीनदा मागितली, तो त्रास मी सोडून देते.

मोठी उणीव सणानंतरची. पाहुणे गेले, सुट्टी संपली, मुलगी शाळेत जायला लागली आणि घर एकदम गप्प झालं. आमच्याकडे सगळ्यात जड आठवडा हाच असतो. पाच आठवडे आधी फोन करणाऱ्या त्या ताईंचा आवाज मला तेव्हा ऐकायचा होता. फोन आला नाही. मी केला तेव्हा "हंगाम संपला" असं उत्तर मिळालं.

हे सगळं मी त्यांना पत्राने कळवलं. बारा दिवसांनी उत्तर आलं, सही त्याच ताईंची: पुढच्या अर्जात "आई-वडील" हा रकाना असेल, आणि माझ्या ओळखीतल्या त्या बाईंचा अर्ज पुन्हा काढला आहे. सणानंतरच्या फोनबद्दल पत्रात काही नव्हतं. ते मी परत विचारलं आहे.

अर्ज करणार असाल तर बुटाची टाच आधीच मोजून ठेवा, सेवामुक्तीच्या आणि रुग्णालयाच्या कागदांच्या तीन-तीन प्रती काढा, आणि घरात कोण कोण राबतं ते रकाना असो वा नसो, मागच्या कोऱ्या पानावर लिहा. सासूबाईंचं नाव मी आता तिथे सगळ्यात वर लिहिणार आहे.