पाणलोटाची मोजदाद: टेप घेतलेला माणूस की स्वयंचलित यंत्र?

सीसीटी म्हणजे उतारावरचे सलग समतल चर खणून झाले, नालाबांध झाले, सिमेंट बंधाराही उभा राहिला. आता मोजमापासाठी पाणी समितीकडे थोडे पैसे उरलेत आणि बैठकीत दोन मतं पडलीत. तरुण मंडळींना स्वयंचलित यंत्रं हवीत, आकडे थेट मोबाइलवर यावेत म्हणून. जुन्या मंडळींचं म्हणणं, जलसुरक्षकाच्या, म्हणजे गावात पाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या, हाती टेप आणि साधा पर्जन्यमापक दिला की भागतं. मी अशा बैठकांना बसलो आहे, म्हणून माझा कौल आधीच सांगतो: पाऊस आणि नाला यंत्राकडे द्या, विहिरी माणसाकडेच ठेवा. जे तासाभरात बदलतं त्याला यंत्र लागतं, जे आठवड्याने बदलतं त्याला माणूस पुरतो.

पावसापासून सुरुवात करू. महावेध या राज्याच्या प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळात आहेच, मग गावाला वेगळं कशाला, असा प्रश्न हमखास येतो. राज्यात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत आणि त्यांचा उपयोगही मोठा आहे. पण एका महसूल मंडळात कितीतरी गावं येतात, आणि वळवाचा पाऊस ओढ्याच्या अलीकडे कोसळून पलीकडे कोरडं ठेवतो हे कुणाला सांगायला नको. पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती आलं आणि किती वापरता येईल याचा हिशेब, मांडायचा तर पाऊस आपल्याच शिवारातला मोजायला हवा. 1 मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी 10 हजार लिटर पाणी. 500 हेक्टरच्या पाणलोटात 40 मिमी पडला, तर 20 कोटी लिटर.

साधा पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचायचा, चोवीस तासांचा आकडा मिळतो. तेवढ्यावर ताळेबंद होतो. पण हेच 40 मिमी दिवसभर रिमझिम पडले की अर्ध्या तासात, हे त्याला कळत नाही. आणि पाणलोटाच्या कामात खरी गोम तिथेच आहे. रिमझिम मुरते, अर्ध्या तासाची सर चर भरून वाहते आणि बांधावरची माती नाल्यात आणते. स्वयंचलित मापकात छोटं दोलनपात्र असतं, ते बहुधा 0.2 किंवा 0.5 मिमी पावसाला एकदा कलंडतं आणि प्रत्येक वेळेची नोंद होते. त्यातून सरीचा जोर कळतो. उणीव अशी, की नरसाळ्यात पालापाचोळा किंवा कोळ्याचं जाळं अडकलं तर यंत्र मुकाट्याने कमी पाऊस दाखवतं. फार जोराच्या सरीतही ते थोडं मागे पडतं. म्हणून शेजारी साधा मापक हवाच. महिन्याची बेरीज दोन्हींची ताडून बघा.

नाल्यावर माणसाचा टिकाव लागत नाही. आपल्या छोट्या ओढ्यांचा लोंढा रात्री येतो आणि तांबडं फुटेपर्यंत ओसरतो. प्रवाह मोजायला नाल्यात आडवी फळी बसवतात; तिच्यातल्या नव्वद अंशांच्या त्रिकोणी खाचेत पाण्याची उंची 10 सेंमी असेल तर सेकंदाला साधारण सव्वाचार ते साडेचार लिटर वाहतात. उंची 20 सेंमी झाली की जवळपास 25 लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाचपट. अशात दिवसातून एकदा घेतलेली नोंद हिशेबालाच चकवते. मोठ्या लोंढ्याला खाच पुरत नाही, तिथे बंधाऱ्याच्या सांडव्यावरच पातळी नोंदणारं यंत्र बसवा. दिवाळीनंतरचा झिरपा मात्र आठवड्यातून एकदा पट्टी बघून चालतो.

विहिरींचं गणित अगदी वेगळं. आपला बहुतेक प्रदेश काळ्या पाषाणाचा. पाणी खडकाच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत असतं, त्यामुळे एका बांधावरची विहीर तुडुंब आणि शेजारची कोरडी हे नेहमीचं. अशा खडकात एका विहिरीची दर तासाची नोंद घेण्यापेक्षा वीस विहिरींची पंधरवड्याची नोंद कितीतरी जास्त सांगते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. राज्याचं चित्र त्यातून उभं राहतं. गावाला रब्बीत कांदा किती आणि हरभरा किती हे ठरवायला त्याहून दाट नोंद लागते.

इथे माणसाच्या चुका ठरलेल्या आहेत. कठड्यावर रंगाची खूण करा, टेप दर वेळी तिथूनच सोडा. रात्रीची वीज असलेल्या आठवड्यात सकाळची नोंद फसवी निघते, कारण मोटर नुकतीच बंद झालेली असते आणि विहीर भरून आलेली नसते. मोटर कधी थांबली, हे वहीत लिहायलाच हवं. सगळे आकडे गोल आणि एकाच दिवशी लिहिल्यासारखे दिसले, तर दुसऱ्या कुणाकडून चार-पाच विहिरी पुन्हा मोजून घ्या. यातूनही पैसे उरले, तर पातळी नोंदणारं एक यंत्र उपसा नसलेल्या बोअरमध्ये सोडा. त्याला हवेच्या दाबाची दुरुस्ती आहे का, हे मात्र विचारा. दाब 1 हेक्टोपास्कलने बदलला की पातळीत सुमारे 1 सेंमीचा फरक दिसतो.

आमच्या इथे ऐन जुलैत यंत्राच्या सिमचं रिचार्ज संपलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. नोंदी यंत्राच्याच स्मृतीत साठत नव्हत्या, म्हणून तेवढा पाऊस वहीतून कायमचा गेला. मला त्याची आजही रुखरुख आहे. तेव्हा सही करण्याआधी विचारा: नेटवर्क नसताना आकडे यंत्रात राहतात का, ते गावाला फाइल म्हणून मिळतात का, बॅटरी कोण बदलणार?

हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि पिकं त्यावरून ठरतात. तिथला आकडा गावासमोर असतो. तुमचाही, वहीतून आलेला असो की यंत्रातून, चावडीच्या फळ्यावर लागायला हवा.

यंत्राची खरेदी लांबली तर लांबू द्या, पण मेअखेरची विहिरींची नोंद चुकवू नका. ती नसेल तर ऑक्टोबरात पाणी किती चढलं हे कशावरून मोजणार?