ट्यूबलेस केलेली सायकल आणि अप्पर वर्धाचा काठ : एका वर्षाचा अनुभव

मी मोर्शी तालुक्यात मोटर वाइंडिंगचं काम करतो. विहिरीवरची मोटर जळाली की लोक माझ्याकडे आणतात. दिवस असा तांब्याच्या तारेत जातो, पण पहाटे ५ ते ८ हा वेळ माझा. तो मी सायकलला दिलाय. सायकल २९ इंची हार्डटेल, म्हणजे पुढं शॉकअप आणि मागं काही नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी अमरावतीच्या एका सायकल दुकानातून तिची दोन्ही चाकं ट्यूबलेस करून घेतली, म्हणजे आत ट्यूब नाही, टायर थेट रिमवर हवाबंद बसवलेला आणि आत भोक बुजवणारं पातळ द्रव, सीलंट. वर्षभर चालवली. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे कितपत टिकतं ते कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून मी लिहितोय.

आधी रस्ता सांगतो, कारण खरी अडचण रस्त्याचीच आहे. घरातून निघालो की पांदण, मग कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता, मग बरड माळ आणि शेवटी अप्पर वर्धा धरणाचा जलाशय. कागदोपत्री त्याला नल-दमयंती सागर म्हणतात, आम्ही नुसतं धरण म्हणतो. मुलताईजवळ उगम पावलेली वर्धा सिंभोऱ्याला अडवलीय. १३ दरवाजांची भिंत आहे, अमरावती शहराला प्यायचं पाणी इथूनच जातं. भिंतीवर परवानगीशिवाय कुणी जाऊ नये, मीही जात नाही. माझा काठ वरच्या अंगाचा. पावसाळा सरला की पाणी हळूहळू मागं सरकतं, मोकळ्या झालेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात आणि पेरलेल्या पट्ट्याच्या वर, गवत आणि गोट्यांमधून, गुराढोरांनी पाडलेली एक वाट उरते. जाऊन-येऊन २६ किलोमीटर. थंडीत चक्रवाकांच्या जोड्या उथळ पाण्यात बसलेल्या असतात. त्या दिसल्या की मी आपोआप थांबतो.

या वाटेवर काटे किती असावेत? दिवाळीनंतर शेतकरी बाभळी छाटतात, धुऱ्याला कुंपण करायला त्या काट्या बंडीवरून किंवा ओढत नेतात, आणि निम्मे काटे पांदणीत सांडतात. माळावर गोखरू, म्हणजे सराटा. त्याचं बोंड फुटून कसंही पडलं तरी एक काटा वर राहतोच. ट्यूब होती तेव्हा हिवाळ्यात आठवड्याला दोन पंक्चर ठरलेले. सहा-सात किलोमीटर सायकल ढकलत घरी आलेलो आहे, तेही दुकान उघडायच्या वेळेला गिऱ्हाईक ओट्यावर बसलेलं असताना. शेवटी मी माळावर जाणं सोडून डांबरी रस्त्यानं फिरायला लागलो होतो.

त्या आधी एका दुकानदारानं मोटारसायकलच्या ट्यूबमध्ये टाकतात तो घट्ट जेल माझ्या सायकलच्या ट्यूबमध्ये भरून दिला होता. चाक जड झालं, व्हॉल्व्ह तुंबला, हवा भरता येईना. दोन ट्यूबा वाया गेल्या. कोणतंही सीलंट कोणत्याही चाकात चालतं हा समज तिथंच गेला.

अमरावतीच्या दुकानातलं काम मात्र मी उभं राहून पाहिलं. त्या पोरानं रिम आधी स्पिरिटनं पुसली, आऱ्यांची भोकं हवाबंद करणारी टेप ताणून एक वेढा आणि वर चार बोटं जास्त अशी लावली, व्हॉल्व्हसाठी भोक कापून न पाडता गरम सुईनं पाडलं. टेप कापली तर तिथून ती फाटत जाते, हे त्यानं न विचारता सांगितलं. मी स्वतः हातानं काम करणारा माणूस, असं काम मला कळतं. २.३५ इंच रुंदीचे दोन टायर, टेप, व्हॉल्व्ह, अर्धा लिटर सीलंट आणि मजुरी मिळून माझे ६,१०० रुपये गेले. पैसा कमी नाही. पण निघताना तो म्हणाला, "भाऊ, काटा दिसला की वाटेत उपसू नका. घरापर्यंत राहू द्या, आतल्या आत बुजते तो." हे एक वाक्य मला वर्षभर पुरलं.

पहिल्या रविवारी मुद्दाम पांदणीतून गेलो. घरी येऊन मागच्या टायरमधून बाभळीचा काटा उपसला, करंगळीच्या पेराएवढा. भोकातून पांढरं दूध फसफसत आलं. भोक खाली येईल असं चाक फिरवून धरलं. बुडबुडे मोठे, मग बारीक, मग नुसती ओल, आणि बंद. वीस आकडेही मोजून झाले नव्हते. पुतण्या शेजारी बसून पाहत होता. त्यानं लगेच दुसरा काटा शोधून काढला.

हवेचं म्हणाल तर ट्यूब असताना ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवावी लागे, नाहीतर गोट्यावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटायची. आता पुढं २४, मागं २७. माझं वजन ७४ किलो. काळ्या दगडांवरून जाताना टायर दबतो आणि दगडाला धरून चालतो, चढावर मागचं चाक घसरत नाही. मला हा फायदा काट्यांपेक्षाही मोठा वाटला.

आता जे नीट झालं नाही ते. फेब्रुवारीत एका धारदार कपरीनं टायरची बाजू फाटली, बोटाच्या नखाएवढी. सीलंट सगळं बाहेर. रबराची वात खुपसून पाहिली, पण कडेच्या पातळ भागात ती धरेना. सोबत ट्यूब होती. तरी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून हात फिरवणं भाग असतं, कारण महिनोन् महिने बुजून राहिलेले काटे आत तसेच असतात. मी १४ काढले, पाण्याच्या काठावर बसून एकेक. न काढता ट्यूब टाकली असती तर दहा पावलंही गेली नसती. म्हणून ट्यूबलेस केलं तरी एक ट्यूब, पंप आणि बारीक पकड सोबत पाहिजेच.

दुसरं म्हणजे ऊन. बाटलीवर लिहिलंय की सीलंट ३ ते ६ महिने टिकतं. ते आपल्या उन्हाचं गणित नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ठेवलेल्या सायकलीत माझं सीलंट सहा आठवड्यांत वाळलं. टायर उघडला तर ताक घुसळल्यावर लोणी निघावं तसा रबराचा गोळा आत. आता सायकल घरात, मातीच्या भिंतीला लावून ठेवतो आणि उन्हाळ्यात दर महिन्याला ६० मिली भरतो. बाटलीचा हा खर्च आधीच धरून ठेवा.

टायर पुन्हा रिमवर बसवणं माझ्या हातपंपानं झालं नाही, कॉम्प्रेसर लागला. गावच्या पंक्चरवाल्याकडे नेलं तर तो म्हणाला, "काकाजी, याच्यात ट्यूबच नाही, मी काय करू?" सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला त्याची नळी लागतही नव्हती. पितळेचा एक छोटा अडॅप्टर आणला, काठाला साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हची आतली पिन काढून हवा सोडली, तेव्हा टायर फट् फट् करत जागेवर बसला. तो अडॅप्टर आता त्याच्याकडेच ठेवलाय.

पावसाळ्यात यातलं काहीच कामाचं नाही. काळी माती ओली झाली की टायरवर थर चढत जातो, शॉकअपच्या कमानीत अडकतो आणि चाक फिरत नाही. पाऊस थांबल्यावर तीन दिवस उन्हं पडू द्यायची, मगच वावरातल्या वाटेला लागायचं. गाळपेरीतून तर कधीच नाही, ती कुणाच्या तरी हरभऱ्याची जागा आहे.

फक्त डांबरी रस्त्यानं फिरत असाल तर हा खर्च करू नका. पांदण, माळ, धरणकाठ यांत मन असेल तर करा, आणि जिथं टेप लावताना उभं राहू देतात अशा दुकानात करा.

काल संध्याकाळी मागचं चाक कानाजवळ धरून हलवलं. आत खळखळ ऐकू आली नाही. पहाटे ६० मिली भरायचं आणि निघायचं, पुतण्यानं यायचं म्हणून त्याची सायकल आजच बाहेर काढून ठेवलीय.