लेमिंगचा अभ्यास: टुंड्रात की पिंजऱ्यात?

लेमिंगवर, म्हणजे आर्क्टिकमधल्या उंदरासारख्या छोट्या प्राण्यावर, काम करायचं मनात असेल, तर जागेआधी प्रश्न ठरवा.

त्यांची संख्या दर तीन-चार वर्षांनी भरमसाट वाढून कोसळते. ती का कोसळते हे शोधायचं असेल, तर टुंड्राला पर्याय नाही. ईशान्य ग्रीनलंडमधल्या ट्रेल बेटावर १९८८ पासून ही मोजदाद सुरू झाली. तिथे कॉलर्ड लेमिंग या जातीचे मुख्य शिकारी चारच: स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी), आर्क्टिक कोल्हा, हिमघुबड आणि लांब शेपटीचा स्कुआ हा समुद्रपक्षी. अन्नजाळं इतकं सुटसुटीत, म्हणून कोण किती फस्त करतो याचा हिशेब लागला. २००० च्या सुमारास ते चक्र मोडलं. हे कळलं, कारण माणसं दर उन्हाळ्यात नेटाने तिथे जात राहिली.

पण वर्षातला बहुतेक काळ लेमिंग बर्फाखाली असतो. वीणही तिथेच, गवताच्या घरट्यात. आपल्या हाती उरतं ते बर्फ वितळल्यावर रिकामी घरटी मोजणं. जिवंत पकडायचे सापळे लावलेत, तर ते वारंवार तपासायची तयारी ठेवा. थंडीत अडकलेला एवढासा जीव लवकर दगावतो आणि ती जबाबदारी आपली असते.

शरीर कसं बदलतं हा प्रश्न असेल, तर पिंजरा निःसंशय सरस. कॉलर्ड लेमिंगला रोजचा उजेड कमी दिला, की तो पांढरा होतो, वजन वाढतं, पुढच्या पायांची मधली नखं बर्फ उकरण्यासाठी जाड होतात. टुंड्रात थंडी, अंधार, बर्फ सगळं एकदमच येतं. इथे तापमान तेच ठेवून फक्त उजेड बदलता येतो. गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, त्यामुळे पिढ्याही झटपट मिळतात. मात्र शिकारी नाही, खाणं आयतं: अशा ठिकाणच्या विणीवरून रानातल्या संख्येचे अंदाज बांधू नका.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना आर्क्टिक म्हटलं की 'हिमाद्री' हे भारताचं संशोधन स्थानक आठवतं. गोव्यातलं ध्रुवीय संशोधन केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून ते चालवतं. पण स्वालबार्डमध्ये लेमिंग नाहीत! तिथे आहे तो माणसांबरोबर आलेला एक व्होल, म्हणजे लेमिंगचा उंदरासारखाच नातलग, तोही ग्रुमांतच्या जुन्या खाणवस्तीच्या आसपास. लेमिंगच हवा असेल, तर ग्रीनलंडमध्ये किंवा कॅनडातल्या बायलट बेटावर काम करणाऱ्या गटांना लिहा.