पहिलं बरं की दुसरं? एट-के टीव्हीसोबत दीड वर्ष

माझं काम चष्म्याचा नंबर काढण्याचं. बावीस वर्षं झाली, रोज असंख्य वेळा मी एकच प्रश्न विचारतो, "पहिलं बरं की दुसरं?" समोरच्याच्या नाकावर ट्रायल फ्रेम, माझ्या हातात दोन भिंगं. पहिलं, दुसरं, पुन्हा पहिलं. कधीतरी पेशंट म्हणतो, "सारखंच वाटतंय." तिथे थांबायचं असतं. त्यापुढे मायनसचं भिंग वाढवत नेलं तर अक्षरं काळीभोर दिसतात, पेशंट खूशही होतो, पण वाचता येणारी ओळ तीच राहते आणि डोळ्याला फुकटचा ताण. फरक पडत नसेल तर कमी नंबरचं भिंग द्या, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

एवढं शिकूनही दीड वर्षापूर्वी मी ७५ इंची एट-के टीव्ही घरी आणला. एट-के म्हणजे ज्याच्या पडद्यावर आडवे जवळपास आठ हजार ठिपके (पिक्सेल) असतात; फोर-केवर त्याच्या निम्मे.

शोरूममध्ये त्या पडद्यावर एक सरडा बसला होता. त्याच्या पाठीवरचा खवला न् खवला मोजता येत होता. मी पडद्यापासून दोन फुटांवर उभा होतो. विक्रेता मला मागे जा म्हणाला नाही आणि मीही गेलो नाही. दिवसभर लोकांना "मान पुढे काढू नका, पाठ टेकून वाचा" म्हणून ओरडणारा माणूस मी!

टीव्ही भिंतीवर लागला, आणि पहिल्याच रात्री सोफ्यावर बसल्यावर वाटलं, सरड्याचं काहीतरी हरवलंय. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजलं. सोफ्याच्या पाठीपासून पडदा बरोबर दहा फूट. मग कागद घेतला. खरं तर हे मी आधी करायला हवं होतं.

हिशेब माझ्या डोळे तपासायच्या तक्त्यातच आहे. ६/६ ची ओळ सहा मीटरवरून वाचायची. त्या अक्षराची उंची साधारण पावणेनऊ मिलिमीटर आणि त्यातल्या एका दांडीची जाडी उंचीच्या पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. ही जाडी डोळ्यापाशी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करते. निरोगी डोळ्याला एवढं बारीक वेगळं कळतं, असं धरून अख्खा तक्ता आखलेला आहे. दहा फुटांवर तोच कोन ०.८९ मिलिमीटरचा होतो. माझ्या टीव्हीची रुंदी १६६ सेंटिमीटर. तेवढ्यात फुल एचडीचे १९२० ठिपके बसवले तर एक ठिपका ०.८६ मिलिमीटर. म्हणजे माझ्या सोफ्यावरून साध्या फुल एचडीचाच ठिपका ६/६ च्या डोळ्याच्या हद्दीवर येऊन पोचलाय. फोर-केचा ठिपका त्याच्या निम्मा आणि एट-केचा पाव.

खोक्यावर मात्र "चौपट" हा शब्द ठळक असतो. तो खोटा नाही. फोर-केचे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. एट-केचे ७६८० गुणिले ४३२०, म्हणजे ३ कोटी ३१ लाखांच्या वर. पण ६/६ च्या डोळ्याला या आकारावर फोर-केचे ठिपके सुटे दिसायचे तर पाच फुटांच्या आत यावं लागतं आणि एट-केचे दिसायचे तर अडीच फुटांच्या आत. सरड्यापुढे मी उभा होतो ती जागा.

आता डोळ्याच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर माझ्याच धंद्यातले लोक मला धरतील. ६/६ म्हणजे पैकीच्या पैकी गुण नव्हेत. खालचा आकडा जितका लहान, तितकी नजर तीक्ष्ण; कितीतरी तरुण मुलं ६/५ सहज वाचतात, काही ६/४ सुद्धा. २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि मेटाच्या संशोधकांनी सरकवता येणारा पडदा लोकांसमोर पुढेमागे करून ही मर्यादा नव्याने मोजली. आजवर नजरेच्या एका अंशात ६० ठिपके ही सीमा धरली जायची. त्यांना काळ्यापांढऱ्या चित्रासाठी सरासरी ९४ मिळाली, पिवळ्या-जांभळ्या रंगांसाठी फक्त ५३. ९४ म्हणजे आमच्या तक्त्यावर ६/४ च्या आसपासची नजर. माझ्या सोफ्यावरून फुल एचडी अंशाला ६१ ठिपके देतं, फोर-के १२३ आणि एट-के २४६. तेव्हा फुल एचडीवरून फोर-केला गेलात तर चांगल्या डोळ्याला खरोखर काहीतरी मिळतं. तिथून पुढे एट-केला जाण्यात, दहा फुटांवरून, घुबड सोफ्यावर बसवलं तरी उपयोग नाही. (घुबडाची नजर अंधारात भारी असते, बारकाव्यात माणूसच पुढे. पण ते असो.)

कागदावर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून घरात चाचणी घेतली. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. त्याचा फोटो ६००० ठिपके रुंद, म्हणजे एट-केचा पडदा त्याने भरतसुद्धा नाही. मित्राचा ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा मागून आणला. दहा फोटो काढले : झाडं, विणलेलं कापड, विटांची भिंत, चेहरे. प्रत्येकाची एक प्रत पूर्ण एट-के, दुसरी फोर-केपर्यंत बारीक करून पुन्हा फुगवलेली. कुठली कुठे आहे हे कळू नये म्हणून नावं पुसून टाकली. परीक्षक तीन : मी, बायको आणि सोळा वर्षांची मुलगी, जिचे डोळे मीच तपासलेत आणि जी ६/४ ची ओळ वाचून वर मला खालच्या कंपनीचं नाव वाचून दाखवते.

दहा फुटांवरून, "पहिलं बरं की दुसरं?"

"सारखंच, बाबा."

चौथ्या जोडीला बायको उठून गेली. मुलीला खुर्चीसकट पुढे सरकवत आणलं. सहा फुटांवर तिला झाडांत आणि कापडात बहुतेक वेळा बरोबर ओळखता आलं, चेहऱ्यांत नाही. माझ्यासाठी फरक तीन फुटांवर उघडला, तोही हनुवटी वर करून. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे एकाच भिंगात वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर, आणि त्या अंतराचा नंबर भिंगाच्या मधल्या पट्ट्यात असतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. पडदा जवळ आणला की मान अवघडते.

हीच परीक्षा २०२० मध्ये वॉर्नर ब्रदर्सने काही बड्या कंपन्यांबरोबर नीट शिस्तीत घेतली होती. ८८ इंची एट-के ओलेड (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा पडदा), १३९ प्रेक्षक, आणि कुठली क्लिप कुठली हे कुणालाच सांगितलेलं नाही. बहुतेकांना फरक जाणवला नाही. ज्यांची नजर फार तीक्ष्ण होती आणि जे पाच फुटांवरच्या पुढच्या रांगेत होते, त्यांनी एट-केला किंचित वरचे गुण दिले. आमच्या मुलीने दिले त्याहून फार वेगळे नाहीत.

बरं, डोळा गरुडाचा आहे असं मानलं तरी बघायचं काय? जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९९५ पासून यावर काम केलं, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं चित्रण मोठ्या पडद्यांवर दाखवलं आणि १ डिसेंबर २०१८ ला एट-केचं स्वतंत्र उपग्रह चॅनेल सुरू केलं. त्याबाहेर मैदान जवळजवळ मोकळं. नेटफ्लिक्स फोर-केला थांबतं. फोर-केच्या डिस्क मिळतात, एट-केचे सिनेमे डिस्कवर मिळत नाहीत. यूट्यूबवर एट-केचे व्हिडिओ आहेत, पण त्यातले निम्मे ड्रोनमधून दिसणारे डोंगर आणि उरलेले रात्रीची शहरं. ते मी दोन आठवडे पाहिले. डोंगर कितीही रेखीव असला तरी तो काही करत नाही. टीसीएलने २०२३ मध्ये या खेळातून अंग काढून घेतलं, सोनीने २०२५ मध्ये. कंपन्यांना माझ्याआधी कळलं म्हणायचं.

शिवाय "फोर-के" लिहिलेलं चित्र खरंच तेवढ्या बारकाव्याचं असतं असंही नाही. बरेच सिनेमे संकलनानंतर टू-केमध्ये, म्हणजे जवळपास फुल एचडीएवढ्याच ठिपक्यांत, पक्के केले गेले आणि मग फुगवून फोर-के म्हणून आले. त्यातून इंटरनेटवरून येताना दाबादाबी होते ती वेगळी. फोर-केचा सिनेमा न दाबता पाठवायचा तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट लागतील. घरी येतात १५ मेगाबिटच्या आसपास. दोनशेतला एक वाटा! मुसळधार पाऊस, समुद्राचा फेस, मॅचमध्ये उसळलेली गर्दी अशी दृश्यं आली की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. हे तुकडे दहा फुटांवरून मला चष्म्याशिवायही दिसतात. त्यावर इलाज जास्त ठिपक्यांचा नाही, जास्त बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला जास्त माहिती पाठवण्याचा आहे. तोच सिनेमा डिस्कवर पाहिला तर वेगळाच टीव्ही वाटतो.

उरलेली जागा टीव्ही स्वतःच्या मनाने भरतो. त्याला अपस्केलिंग म्हणतात. माझा टीव्ही हे काम बरं करतो, खासकरून अक्षरांच्या आणि इमारतींच्या कडा. जुन्या मालिकांतल्या चेहऱ्यांना मात्र तो मेण चोपडतो. सुरुवातीला तर सिनेमातली माणसं बर्फावरून घसरत चालल्यासारखी वाटायची. तो दोष अपस्केलिंगचा नव्हे, सेकंदाच्या २४ चौकटींमध्ये स्वतःच्या चौकटी घुसडणाऱ्या मोशन सेटिंगचा. ते बंद केलं, फिल्ममेकर मोड लावला आणि घरात शांतता झाली. टीव्ही कुठलाही घ्या, हे पहिल्या दिवशी करा.

आता जे आवडलं ते. काळा रंग. अंधाऱ्या खोलीतला मेणबत्तीचा प्रसंग लागला की काळोख राखाडी न होता काळोखच राहतो, आणि ज्योत मात्र डोळे मिचकावायला लावते. प्रत्येक रंगाला दहा बिट देणाऱ्या पॅनेलवर १०७ कोटी छटा बसतात, आठ बिटवर १ कोटी ६७ लाख. त्यामुळे संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे पडत नाहीत. यातलं काहीही एट-केमुळे नाही. हेच गुण चांगल्या फोर-के टीव्हीतही मिळतात. उलट एट-केची त्यात अडचणच होते. ठिपके लहान झाले की तारा आणि ट्रान्झिस्टर जास्त जागा अडवतात, प्रकाश कमी बाहेर येतो, म्हणून मागचा दिवा जोरात लावावा लागतो आणि वीज जास्त जाते. युरोपियन युनियनने मार्च २०२३ पासून विजेची मर्यादा एट-केलाही लागू केली तेव्हा कंपन्यांनी टीव्ही खोक्यातून निघताना असतो तो मूळ मोडच मंद करून ती पाळली. माझ्या टीव्हीची पाठ सिनेमा संपेपर्यंत चांगली गरम होते. थंडीच्या दिवसांत तक्रार नाही.

काँट्रास्टचं, म्हणजे फिक्या-गडदातल्या फरकाचं, महत्त्व मला क्लिनिकमध्ये रोज दिसतं. ६/९ ची ओळ नीट वाचणारा माणूस "पण सगळं धुरकट आहे हो" म्हणतो आणि तो खरं बोलत असतो. आमचा तक्ता पांढऱ्यावर काळा, तिथे सगळे पास होतात. फिक्यावर फिकं वाचायला दिलं की अडखळतात. माझी आई त्यातलीच. नवीन टीव्ही लागला तेव्हा ती पाच मिनिटं बघून म्हणाली, "छान आहे. आवाज वाढव." सहा महिन्यांनी तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघून काही दिवस गेले, आणि एका संध्याकाळी तिने मला हाक मारली.

"अरे, टीव्ही बदललास का?"

नव्हता बदलला. पिवळं पडलेलं भिंग निळा प्रकाश अडवतं. ते गेलं आणि निळा परत आला. आवाजाची तिची तक्रार मात्र रास्त होती. एवढ्या सडपातळ टीव्हीत स्पीकर जेवढा बसतो तेवढाच वाजतो. नंतर साउंडबार जोडला आणि घरातल्या सगळ्यांना फरक कळला. "पहिलं बरं की दुसरं" विचारायची वेळच आली नाही.

तेव्हा कुणी मला विचारलं, आणि बहीण मागच्या महिन्यात विचारतच होती, तर मी आधी टेप काढायला सांगतो. सात-साडेसात फुटांपलीकडून बघणार असाल तर ७५ इंचांपर्यंत फोर-के डोळ्याला पुरून उरतं. एट-केला जाणारे पैसे काळ्या रंगात, आवाजात किंवा पडद्याच्या आकारात घाला. भिंतभर पडदा आणि त्यापुढे पाच-सहा फुटांवर खुर्ची असेल, किंवा टीव्ही कॉम्प्युटरला जोडून बारीक नकाशे, आराखडे बघायचे असतील, तर गोष्ट वेगळी. बहिणीने ६५ इंची फोर-के घेतला. तिचा काळा माझ्यापेक्षा जास्त काळा आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

माझा टीव्ही एकदाच पुरेपूर वापरला गेलाय. आजोबांच्या शाळेच्या ग्रुप फोटोची नऊ सेंटिमीटर लांबीची निगेटिव्ह सापडली. ती २४०० डीपीआयवर (इंचाला २४०० ठिपके) स्कॅन केली, तर चित्र साडेआठ हजार ठिपके रुंद निघालं, एट-केला थोडं जास्तच. टीव्हीच्या फोटो ॲपने ते आधी बारीक करूनच दाखवलं. लॅपटॉप जोडला तेव्हा कुठे खरं चित्र उमटलं. साठेक मुलं, चार ओळी. सोफ्यावरून आईला फक्त टोप्या दिसल्या. ती उठली, काठी टेकत पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि डावीकडून एकेक चेहरा बोटाने ओलांडत निघाली. तिसऱ्या ओळीत थांबली. एक मुलगा फोटोग्राफरकडे न बघता शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगत होता.

"हे बाबा," ती म्हणाली. मी सवयीने टेप उचलली. सव्वादोन फूट.