सेक्टर फंडात शिरताना: तेजीच्या मागे की एसटीपीने?

कापसाचा चुकारा हाती आला की त्यातला थोडा पैसा फार्मा, आयटी किंवा बँकिंग अशा एकाच क्षेत्राचे शेअर घेणाऱ्या सेक्टर फंडात टाकायचा विचार आता यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांतही होतो. फंड बहुतेकांनी ठरवलेला असतो. अडतं ते 'कधी घ्यायचा' इथे. दोन रीती आहेत. क्षेत्राचा निर्देशांक (त्या क्षेत्रातल्या प्रमुख शेअरांचा एकत्रित आकडा) मागच्या 200 दिवसांच्या स्वतःच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचं आणि खाली आला की विकून दुसऱ्या तेजीच्या क्षेत्रात जायचं, ही एक. किंवा बराच काळ पडून असलेलं क्षेत्र निवडून सगळी रक्कम लिक्विड फंडात (अगदी अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांच्या, कमी जोखमीच्या फंडात) ठेवायची आणि तिथून एसटीपीने, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात आपोआप जाणाऱ्या ठरलेल्या हप्त्यांनी, दर आठवड्याला सरकवायची. मासिक एसआयपी (बँक खात्यातून दर महिन्याला फंडात जाणारा ठरलेला हप्ता) मी धरलेली नाही. ज्या घरात पैसा हंगामाला येतो, तिथे पेरणीनंतर खातं रिकामं असतं. हप्ता परत जातो आणि वर बँकेचा दंड बसतो.

सरासरीच्या रीतीचा मोठा गुण म्हणजे ती बाहेर काढते. आयटी क्षेत्राचा निर्देशांक निफ्टी आयटी जानेवारी 2022 मध्ये शिखरावर होता आणि त्या वर्षात त्याने साधारण चौथा हिस्सा गमावला. सरासरी पाळणारा पहिल्या सहामाहीतच बाहेर पडला असता. सेक्टर फंडाला किमान 80 टक्के पैसा त्याच क्षेत्रात ठेवावा लागतो, म्हणून पडझडीत व्यवस्थापकाला फार काही करता येत नाही.

पण म्युच्युअल फंडात ही रीत कागदावर दिसते तशी चालत नाही. सरासरी ओलांडल्याचं कळतं बाजार बंद झाल्यावर. दुसऱ्या दिवशी ऑर्डर दिली तरी दुपारी 3 च्या आत पैसे फंडाच्या खात्यात पोचले पाहिजेत; ऑर्डरची वेळ धरत नाहीत. एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा त्या दिवसाचा भाव, कळते रात्री. एका सेक्टर फंडातून थेट दुसऱ्यात पैसे वळवले (स्विच केले) तर आणखी पंचाईत: विक्रीला आजची एनएव्ही, खरेदीला पैसे पोचतील त्या दिवसाची, म्हणजे साधारण दोन कामाचे दिवस पुढची. मधे शनिवार-रविवार आला की चार दिवस पैसा ना इकडे ना तिकडे. सेक्टरमध्ये तेवढ्यात तीन-चार टक्के सहज हलतात. निर्देशांक सरासरीभोवती घुटमळत असेल तर स्वस्त विकून महाग घेणं वर्षात दोन-तीनदा घडतं. त्यात 12 महिन्यांच्या आतल्या नफ्यावर 20 टक्के कर आणि बऱ्याच फंडांत एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याबद्दलची कपात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हा नफा शेतीचा धरला जात नाही. ईटीएफने (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडाने) वेळेचा प्रश्न सुटतो, पण उलाढाल कमी असलेल्या सेक्टर ईटीएफचा भाव एनएव्हीपासून सरकतो. तिथे लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपला भाव ठरवून दिलेली ऑर्डर, द्यावी.

मला वाटतं, या एका कटकटीमुळे पारडं एसटीपीकडे झुकतं. तिला रोज बाजार पाहणारा माणूस लागत नाही. आधी सेक्टर फंड ठरवा, कारण लिक्विड फंड त्याच फंड घराण्याचा लागतो. खरिपाचा खर्च बाजूला काढून 2,40,000 उरले, तर डिसेंबरच्या मध्यापासून 10,000 चे 24 साप्ताहिक हप्ते मेअखेर संपतात. नोंदणीला आठवडाभर धरा. लिक्विड फंडाचा नाममात्र एक्झिट लोडही सातव्या दिवसापासून शून्य होतो.

धोका एकच, पण मोठा: पडलेलं क्षेत्र वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. निफ्टी फार्मा एप्रिल 2015 च्या शिखरावरून मार्च 2020 पर्यंत निम्म्यावर आला होता. म्हणून एका क्षेत्रात शेअर बाजारातल्या आपल्या एकूण पैशाच्या 15 टक्क्यांवर जाऊ नये, असं माझं मत. क्षेत्र चढून वाटा त्यापुढे गेला की वरचा भाग काढायचा.

काढताना प्रत्येक हप्त्याचे 12 महिने वेगळे मोजले जातात आणि आधी घेतलेली युनिट आधी विकली जातात. डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंतचे हप्ते पुढच्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विकता येतात, उरलेले जूनच्या पहिल्या आठवड्यात. दीर्घकालीन नफ्यावरची 1.25 लाखांची सूट अशी दोन आर्थिक वर्षांत दोनदा मिळते. त्यापुढच्या नफ्यावर कर 12.5 टक्के. जूनची विक्री मात्र दुपारी 3 च्या आत टाका, म्हणजे बी-खताच्या खरेदीआधी पैसे खात्यात येतील.