न बघता घेतलेली जुनी इको : एक पावसाळा काढल्यानंतर

गाडी मारुती इको, ५ सीटर, एसी, कंपनी फिटेड सीएनजी. २०१४ चं मॉडेल, पासिंग एमएच-१०. गाडी सांगलीत, आम्ही ठाण्यात कासारवडवलीला. जानेवारीत सगळा सौदा व्हिडिओ कॉलवर झाला आणि गाडी पहिल्यांदा पाहिली ती थेट आमच्या सोसायटीच्या गेटवर. आता पाऊस सरला, म्हणून लिहितोय. जुन्या गाडीबद्दल पावसाळ्याआधी दिलेलं मत मी तरी धरत नाही.

इकोच का, तर आईचे गुडघे. छोट्या गाडीत वाकून खाली बसणं तिला जमत नाही. इकोची सीट उंच, दरवाजा सरकता. खाली एक लाकडी स्टूल ठेवलं की ती कुणाचा हात न धरता चढते. दोन खांबांच्या मधल्या पार्किंगमध्ये सरकत्या दरवाजाचं मोल वेगळं सांगायला नको. इकडे ठाण्यात बघितलेल्या बहुतेक इको शाळेच्या पोरांनी नाहीतर मालवाहतुकीने पिळून काढलेल्या होत्या. म्हणून बाहेर शोधलं.

सांगली म्हटल्यावर पहिला प्रश्न पुराचा. २०१९ ला आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. मालक काका म्हणाले, "आमचं घर उंचावर हाय, गाडीनं पाणी बघितलंबी नाही." माणूस खोटा वाटत नव्हता, तरी मी त्यांना सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला लावले. पुरातली गाडी धुऊन पुसून चकाचक करता येते, पण पट्ट्याचा आत गुंडाळलेला भाग सहसा कुणी धूत नाही. गाळाची तपकिरी रेघ असेल तर तिथे सापडते. पट्टे स्वच्छ निघाले. मग सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्या, मॅटखालचा पत्रा, डॅशबोर्डखालच्या वायरी. इकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, त्यामुळे सीट उचलून फोन आत धरला की बरंच काही दिसतं. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना स्टार्ट करायला सांगितली, कारण गरम इंजिन बरीच दुखणी लपवतं. काका एकदाही वैतागले नाहीत. "आणखी काय उघडू सांगा" म्हणायचे. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी तपासणी. जो विक्रेता तिसऱ्या फोटोला कुरकुरतो, त्याची गाडी न बघता घेऊ नये.

कागदांत एकच गाठ निघाली. कर्ज फिटलंय म्हणाले, पण एमपरिवहन या सरकारी ॲपवर बँकेचं नाव तसंच होतं. कर्ज फेडलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. तोवर टोकनपलीकडे एक रुपया पाठवला नाही. त्यांनाही ते पटलं. ई-चलन एक थकलं होतं, ते त्यांनी भरलं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि सव्वादोन लाखांत गाडी आमची झाली. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही, त्यामुळे घोडबंदर रोडवर एमएच-१० मिरवत फिरतोय. विम्याचं मात्र लगेच बघा, पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यावा लागतो. अपघात झाल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

गाडी आणायला ओळखीचा ड्रायव्हर पाठवला. खंबाटकी आणि बोरघाट ओलांडून आल्यावर तो म्हणाला, "तापली नाही, ओढते चांगली, पण क्लच सोडताना मागे ठक् करते." ही ठक् कुठल्याच व्हिडिओत ऐकू आली नव्हती. मागची चाकं ओढणारी गाडी, तेव्हा लांब शाफ्ट आला आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, झिजणंही आलं. मेस्त्रीने हजार-दीड हजारात विषय संपवला.

खरा खर्च पत्र्याचा. व्हिडिओत गाडीचं पोट काळंभोर, नवंकोरं दिसत होतं. जुन्या गाडीचं पोट असं दिसलं की कान टवकारायचे, कारण तो अंडरकोटिंगचा, म्हणजे गंज रोखायला खालून मारतात त्या थराचा, ताजा हात असतो. इथे तर त्या काळ्या थराने सरकत्या दरवाजाखालच्या पोकळ पट्टीतली पाणी जायची भोकंसुद्धा बुजवली होती. पाणी आत साचत राहिलं आणि पत्रा आतून सडला. जूनच्या मोठ्या पावसानंतर मेस्त्रीने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं, तर पुढे टणटण वाजत होतं आणि मागच्या टोकाला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं भद्द. कापून नवा पत्रा मारला, भोकं मोकळी केली. सगळे मिळून अकरा हजार गेले. काकांना फोन करून सांगितलं; कोटिंग त्यांनी मागच्या वर्षी गंजू नये म्हणूनच करून घेतलं होतं, बिचाऱ्यांनी बिलाचा फोटोही पाठवला.

रोजच्या वापराचं म्हणाल तर सीएनजीवर शहरात किलोला १७-१८ किलोमीटर मिळतात. गायमुखच्या चढाला एसी बंद करावा लागतो. पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंगमध्ये दंड भरून येतात. मे महिन्यात माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये बुडाखालचं इंजिन आपली आठवण करून देतं. मागे सिलिंडर असल्याने आईची घडीची व्हीलचेअर डिकीत मावत नाही, ती सीटच्या मध्ये उभी करावी लागते. घेण्याआधी हे मापून घेता आलं असतं तर बरं, पण सिलिंडरसकटचं माप कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

टर्बो डिझेल गाडी मी अशी न बघता कधीच घेणार नाही. तिथे एक इंजेक्टर नाहीतर टर्बो गेला की सौदा तोट्यात. इकोत लपवण्यासारखं महाग काही नाही, आणि पार्ट नाक्यावर मिळतात. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, येत्या मार्चमध्ये आहे. प्लेटवरची तारीख काकांनी आपणहून दाखवली होती.